नर्सरीतली रोपं महाग पडतात आणि तरी दिवाळीपर्यंत वाळतात: खोट कुठे आहे आणि स्वस्त, टिकाऊ झाडं कुठून आणायची

बंगल्याभोवती, शेतघरावर किंवा सोसायटीच्या भिंतीकडेला दहा-वीस झाडं आणि चाळीसेक झुडपं लावायची ठरली की दर वर्षी तोच घोळ होतो. जूनमध्ये हमरस्त्यावरच्या नर्सरीतून टेम्पो भरून रोपं येतात, बिल बघून डोळे पांढरे होतात, दिवाळीपर्यंत निम्मी वाळतात आणि पुढच्या जूनला पुन्हा तीच फेरी. दोष बहुतेक वेळा आपल्या पाणी घालण्यावर जातो. खरं तर रोप गाडीत चढतानाच अर्धं गेलेलं असतं, आणि ते ओळखता येतं.

आधी हिशेबाची रीत बदला. भाव रोपाचा धरू नका, दुसऱ्या पावसाळ्यात जिवंत असलेल्या झाडाचा धरा. समजा मोठ्या पिशवीतला आठ फुटी बहावा ९०० रुपयांना घेतला आणि दहापैकी सहा जगले, तर एक झाड १५०० रुपयांना पडलं. तोच बहावा तीन फुटी, १०० रुपयांना घेतला आणि दहापैकी नऊ जगले, तर १११ रुपयांना पडला. आकडे फक्त रीत दाखवायला घेतलेत, पण फरक याच जातीचा असतो.

पिशवीचा साइज हाच खरा भाव

नर्सरीवाला रोपाची उंची सांगतो, आपण पिशवी विचारायची. ‘५ बाय ७’, ‘८ बाय १०’, ‘१२ बाय १२’, ‘२१ बाय २१’ हे इंचातले आकडे रिकाम्या, सपाट पिशवीची रुंदी आणि उंची सांगतात. भरल्यावर ५ बाय ७ मध्ये पाऊण लिटरच्या आसपास माती बसते आणि वजन किलोभर होतं. ८ बाय १० चं वजन साडेतीन-चार किलो. २१ बाय २१ मध्ये तीस-पस्तीस लिटर माती मावते आणि ओली असताना ती पन्नास किलोच्या घरात जाते, म्हणजे उचलायला दोन माणसं.

भाड्याचं गणित इथेच फिरतं. छोटा हत्ती सातशे-साडेसातशे किलो घेतो. त्यात २१ बाय २१ ची चौदा झाडं बसतात, ८ बाय १० ची दीडशेच्या वर. शिवाय आठ फुटी झाड खोडानं उंच असलं तरी त्याची मुळं तेरा-चौदा इंच व्यासाच्या गोळ्यातच असतात. वरचा पानोरा पाणी मागतो आणि खालची मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, म्हणून ते वर्षभर नुसतं उभं राहतं. तीन फुटी रोप तोवर मूळ खाली घालतं. बहावा, करंज, कडुनिंब, जांभूळ, काटेसावर यांचं लहान रोप तीन-चार वर्षांत मोठ्याला गाठतं, बरेचदा मागेही टाकतं. मोठं झाड घ्यायचं ते दोनच ठिकाणी: दारात लगेच आडोसा हवा असेल तिथे, किंवा जनावरं लहान रोप ठेवणारच नाहीत तिथे.

माल कोणाकडचा आहे?

हमरस्त्यावर ओळीनं दिसणाऱ्या नर्सऱ्यांपैकी बऱ्याच ठिकाणी रोपं तयार होत नाहीत, नुसती विकली जातात. शोभेचा मोठा माल ट्रकनं येतो, आणि त्यातला बराचसा आंध्रातल्या राजमहेंद्रवरमजवळच्या कडियम भागातून. माल वाईट असतो असं नाही. पण मधल्या प्रत्येक हाताचा नफा आणि भाडं त्यात चढतं, आणि दमट गोदावरीकाठी वाढलेलं झाड मे महिन्यात नगर-सोलापूरच्या उन्हात उतरलं की पानं टाकतं. पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात स्वतः रोपं तयार करणारे बरेच आहेत, आणि बाहेरचा माल उतरवून विकणारेही तिथेच आहेत. त्यामुळे नुसतं ‘उरुळीहून आणलं’ याला अर्थ नाही.

तयार करणारा ओळखायच्या खुणा साध्या आहेत. एकाच जातीची शेकडो रोपं, एकाच साइजच्या पिशव्यांत, वाफ्यावर ओळीनं मांडलेली. कुठेतरी मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्या बिया-फांद्या घेऊन रोपं करतात ती मोठी झाडं, उभे. पिशव्या भरणाऱ्या बायका आणि मातीचा ढीग. उलट प्रत्येक जातीची पाच-सहाच झाडं, पिशव्या निरनिराळ्या रंगांच्या आणि काहींची माती लाल तर काहींची काळी-राखाडी असेल, तर ते दुकान आहे.

घरबसल्या शोधायचं तर फोनच्या नकाशावर ‘रोपवाटिका’ आणि ‘होलसेल नर्सरी’ हे दोन्ही टाका (नुसतं ‘नर्सरी’ टाकलं तर अर्ध्या बालवाड्या निघतात). मग उपग्रहाचं चित्र लावून ती जागा मोठी करा. हिरव्या-काळ्या शेडनेटच्या लांब पट्ट्या, शेजारी विहीर किंवा शेततळं दिसलं तर तिथे उत्पादन चालतं. रस्त्याला चिकटलेला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा दिसला तर विक्री. हमरस्ता सोडून दोन-तीन किलोमीटर आत गेलं की भाव उतरतो, कारण आतल्याला रस्त्यावरच्या जागेचं भाडं भरायचं नसतं.

फोनवर चार प्रश्न विचारा, याच क्रमानं: “दादा, ताम्हण कोणत्या पिशवीत आहे? तुमच्याकडेच तयार केलंय का? पन्नास घेतले तर काय लावाल? गाडीत भराई कोणाकडे?” पहिल्या प्रश्नाला ‘सहा फुटाचं आहे’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा पिशवी विचारा. ठोक दर बहुतेक ठिकाणी एका जातीच्या पंचवीस, पन्नास किंवा शंभर नगांवर असतो, वीस जातींच्या मिळून पन्नास नगांवर नाही. तेव्हा शेजारच्या दोन-तीन घरांनी यादी एकत्र केली की काम होतं. बिलात रोपांवर जीएसटी लावला असेल तर विचारा. जिवंत रोपांवर तो शून्य आहे. कुंड्या आणि खतं यांचं वेगळं.

सरकारी रोपवाटिका

लोक इथे शेवटी जातात, खरं तर सुरुवात इथून करावी. सामाजिक वनीकरण आणि वन विभाग यांच्या रोपवाटिकांत कडुनिंब, करंज, चिंच, आवळा, जांभूळ, बहावा, वड, पिंपळ, बांबू, सीताफळ अशी रोपं पावसाळ्यात वनमहोत्सवाच्या काळात सवलतीच्या दरानं मिळतात. खासगी दराच्या मानानं ती खूपच स्वस्त असतात. चुकतं ते हे: लोक जुलैअखेरीस जातात आणि तोवर चांगला माल ग्रामपंचायती, शाळा घेऊन गेलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये तालुक्याच्या कार्यालयात जाऊन कोणत्या जाती, किती उंचीच्या आणि कोणत्या रोपवाटिकेत आहेत ते विचारा आणि मागणीचा अर्ज देऊन ठेवा. शोभेची झुडपं तिथे फारशी मिळत नाहीत, तो नाद सोडा.

फळझाडांसाठी कृषी विभागाच्या फळरोपवाटिका आणि चार कृषी विद्यापीठं: दापोली, राहुरी, अकोला, परभणी. आंबा, काजू, कोकम, जायफळ हवं तर दापोली आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र. नारळाला रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र. संत्रं-मोसंबीला नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. पुण्यात गणेशखिंडीचं फळ संशोधन केंद्र. गोव्यात जुन्या गोव्याची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी खात्याची विभागीय कार्यालयं. इथे घासाघीस चालत नाही, नोंदणी आधी करावी लागते आणि सुट्टीच्या दिवशी विक्री बंद असू शकते, म्हणून निघण्याआधी फोन कराच.

खासगी नर्सरीतून फळकलमं घेताना परवाना विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा नियमन कायदा आहे आणि परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक असलेलं बिल, त्यावर जातीचं नाव आणि खुंट (ज्या रोपावर कलम बांधलंय ते), एवढं घेतलंत की चार वर्षांनी ‘केसर’च्या झाडाला रायवळ लागलं तर बोलायला तोंड राहतं.

कलमाचे पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही

हा भाग नीट वाचा, कारण बिलातली निम्मी बचत इथे आहे.

आंबा, चिकू, काजू यांचं कलमच घ्या. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, खिरणी वाढायला मंद, म्हणून चिकूचं चांगलं कलम महाग असतं. फारच स्वस्त मिळालं तर खुंट कशाचा आहे ते विचारा. पेरू आणि डाळिंब गुटीचे (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेले) चालतात. सोनचाफ्याचं कलम साधारण दोन वर्षांच्या आत फुलतं, बियांचा सोनचाफा कित्येक वर्षं वाट बघायला लावतो. दोघांच्या भावात मोठा फरक असतो, आणि रोप कलमाच्या दरानं गळ्यात मारणं हा नेहमीचा प्रकार आहे. खोडावर एकाच जागी सांधा, जाडीत किंवा सालीच्या रंगात फरक, बरेचदा पट्टीचा वण दिसला पाहिजे. गुळगुळीत सरळ खोड असेल तर ते रोप आहे, त्याला रोपाचाच भाव.

कागदी लिंबू मात्र बियांपासूनही बहुतांशी आईसारखंच येतं, कारण त्याच्या एका बीमध्ये आईच्याच पेशींपासून वाढलेले गर्भ असतात. राहुरीच्या ‘साई सरबती’, ‘फुले सरबती’ या जातींची बियांची रोपं घ्या, कलमाचे जादा पैसे देऊ नका. कढीपत्ता, सीताफळ, शेवगा, आवळ्याचं एखादं सावलीपुरतं झाड, इथेही रोप पुरतं. बहावा, ताम्हण, पळस, कडुनिंब हे तर बियांचेच घ्यायचे.

आता झुडपं. जास्वंद, टगर, मोगरा, बोगनवेल, अबोली, कण्हेर ही सगळी फांदीवरून येतात, आणि ती पन्नासच्या संख्येनं विकत घेणं म्हणजे पैसे उधळणं. जातीमागे दोन-तीन घ्या. पुढच्या जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या फांद्या डोळ्याच्या लगेच खाली तिरक्या कापा, वरची दोन पानं ठेवून बाकी काढा आणि ५ बाय ७ च्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील अशा खोचा. सावलीत, ओल टिकवून, दीड-दोन महिने. पांढऱ्या चाफ्याची फांदी मात्र कापल्यावर आठवडाभर सावलीत सुकवून, चीक आटल्यावरच लावायची. ताजी लावली की बुडातून कुजते. कण्हेर विषारी असते, हात धुवा आणि गुरं-शेळ्या फिरतात तिथे लावू नका.

कुंपणाची संख्या आधी मोजा. कामिनी किंवा मेहंदी एका फुटावर एक लावली तर ६० फुटांना ६१ रोपं लागतात. दाट हवं म्हणून सहा इंचांवर लावायला सांगणारे असतात. तसं केलं की रोपं दुप्पट विकली जातात आणि दोन वर्षांनी खालची पानं सावलीनं झडून बुडाशी भगदाड पडतं.

रोप हातात घेऊन काय बघायचं

बुंध्याला धरून रोप अलगद वर ओढा. माती सैल होऊन रोप मातीतून निसटायला लागलं तर पिशवी नुकतीच बदलली आहे. ५ बाय ७ चं रोप आठवडाभर आधी १२ बाय १२ मध्ये भरून मोठ्या पिशवीच्या भावानं विकलं जातं. जुन्या पिशवीत मातीवर हिरवट थर, एखादं तण असतं आणि माती काठापासून दोन बोटं खाली बसलेली असते. “पिशवी कधी बदलली?” याला “मागच्या वर्षीचाच माल आहे ताई” हे उत्तर मिळेल, पण माती काय म्हणते ते बघा.

पिशवी जमिनीवरून उचलायला लावा. खालच्या भोकांतून मुळं जमिनीत गेली असतील तर उचलताना ती कट्कन तुटल्याचा आवाज येतो. तसं रोप त्याच दिवशी नेलं तर आठवड्यात पानं माना टाकतात. ते उचलून तिथेच पंधरा दिवस बाजूला ठेवायला सांगा, पैसे भरून मग न्या. त्यातूनही हिरवं राहिलं ते नक्की जगतं.

उलट दोष म्हणजे म्हातारं रोप. ऑगस्टनंतर ‘काहीही घ्या, पन्नास रुपये’ असं म्हणत विकला जातो तो दोन-तीन पावसाळे पिशवीत राहिलेला माल. खोड अंगठ्याएवढं, पिशवी ५ बाय ७, आणि आत मुळांची गोल गुंडाळी. बुंध्याशी बोट घालून एखादं जाड मूळ खोडाभोवती फिरलेलं लागतंय का बघा. लागलं तर फुकटही नको. ते झाड वाढतं आणि पाच-सात वर्षांनी, नेमकं बघण्यासारखं झालं की वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. गुंडाळी फक्त कडेला असेल तर लावताना गोळ्यावर चार बाजूंनी सेंटिमीटरभर खोल उभे चिरे द्या आणि तळाची जाळी दोन सेंटिमीटर कापून टाका.

गर्द हिरवी, मोठी, मऊ पानं बघून भुलू नका. ते शेडनेटखालचं लाडावलेलं रोप असतं. कोवळ्या, पातळ खोडाच्या लांबलचक रोपापेक्षा बुटकं, जरा करडं, उन्हात ठेवलेलं रोप घ्या.

आंब्याच्या कलमात सांध्याच्या वर पालवी आहे का, एवढंच बघा. वरचं कलम मेलेलं आणि खालच्या खुंटाला धुमारे फुटलेले, असा माल पालवी दिसते म्हणून खपतो. सांध्याची प्लॅस्टिक पट्टी खोडात रुतली असेल तर तिथेच सोडवून घ्या.

भलतंच झाड निघालं

हा दोष नावाचा आहे. ‘अशोक’ मागितला की उंच, सरळसोट आसूपालव मिळतो. केशरी फुलांचा सीतेचा अशोक वेगळा आणि बराच महाग. ‘चाफा’ म्हणजे सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा यांतलं काहीही. ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल, मागितलं की त्याच कुळातलं कुंडीतलं बुटकं, गुलाबी फुलांचं झुडूप पुढे येतं. उपाय एकच: शास्त्रीय नाव यादीत लिहून न्यायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं. सोनचाफा मायकेलिया चंपाका, सीतेचा अशोक सराका असोका, ताम्हण लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा. नर्सरीवाल्यांना ही नावं आपल्याहून चांगली पाठ असतात.

‘भराभर वाढतं, पाणी लागत नाही, भिंतीसारखं होतं’ म्हणून कोनोकार्पस सुचवला तर नको म्हणा. मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरतात; गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली. आणि शहरात कोणतंही झाड भिंतीला चिकटून लावण्याआधी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आठवा. लावायला कोणी विचारत नाही, तोडायला परवानगी लागते.

गाडीतून खड्ड्यापर्यंत

आदल्या संध्याकाळी पाणी द्यायला सांगा. निघताना पाणी मारलं की गोळा जड होऊन गाडीत फुटतो. उघड्या टेम्पोतला तासाभराचा वारा कोवळी पानं करपवतो, म्हणून वरून शेडनेट बांधा. ताडपत्री नको, आत रोपं उकडतात. आणल्यावर आठ-दहा दिवस झाडाच्या विरळ सावलीत ठेवा, मग लावा.

चिकट मातीचा गोळा हे बाहेरून आलेल्या रोपांच्या मरणाचं मोठं कारण. भोवतीच्या भुसभुशीत मातीतून पाणी निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. वर चिखल, आत वीट. लावण्याआधी पिशवीसकट बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं, राहू द्या. मग पिशवी फाडून गोळ्याचा बाहेरचा इंचभर थर बोटांनी चोळून सोडवा. पिशवी पूर्ण काढायची. ‘आपोआप कुजते’ हे प्लॅस्टिकला लागू नाही.

झाडाला दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा, झुडपाला दीड फुटी. काढलेल्या मातीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत आणि झाडामागे अर्धा किलो निंबोळी पेंड. बुंधा पिशवीत जितका वर होता तितकाच ठेवा. कलमाचा सांधा जमिनीच्या वितभर वर. काळ्या मातीत खड्ड्याचा थाळा होऊन पाणी साचतं, तिथे रोप चार इंच उंचवट्यावर लावा.

पावसाळाभर रोप हिरवं होतं आणि नोव्हेंबरात वाळलं, तर नर्सरीला दोष देऊ नका. पाऊस थांबल्यावर आळं दोन फूट व्यासाचं करून चार-पाच दिवसांनी दहा ते पंधरा लिटर, उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी. आळ्यात चार इंच पालापाचोळा, खोडाला चिकटू न देता. आणि रोप वाळलं असं वाटलं तरी लगेच उपटू नका. नखानं साल जरा खरवडा: आत हिरवं असेल तर सुकलेला शेंडा जिवंत डोळ्याच्या वर कापून टाका आणि पाणी चालू ठेवा. बुंध्यापर्यंत तपकिरी निघालं, तरच खड्डा रिकामा करा, आणि पुढच्या यादीत त्या जातीपुढे पिशवीचा साइज एक पायरी लहान लिहा.